वाशिष्ठीचे पाणी आणि मुलांची गुणपत्रके

मा. संपादक,
स.न.

चिपळुणात प्रवेशाची धावपळ जून-जुलैत चालते आणि वाशिष्ठी नदीही त्याच दिवसांत चढते. २६ जुलै २००५, २२ जुलै २०२१ या महापुरांच्या तारखा इथे कुणाला समजावाव्या लागत नाहीत. गुहागर, खेड, संगमेश्वरकडच्या गावांतून आलेली मुले मुरादपूर, पेठमाप, बाजारपेठ भागात तळमजल्याच्या खोल्या घेऊन राहतात. मूळ गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र नेमके याच काळात कॉटखालच्या बॅगेत असते.

मुलांची भिस्त लॅमिनेशनवर. ती खोटी आहे. कडेला केसाएवढी फट असली तरी पाणी आत ओढले जाते आणि तिथेच राहते. मग प्लास्टिक सोलताना अक्षरेही त्याच्याबरोबर निघतात. साधा कागद निदान वाळवता तरी येतो. त्यापेक्षा झिपची जाड पिशवी घ्या, हवा काढून बंद करा, ती दुसऱ्या पिशवीत उलट्या तोंडाने घाला आणि घरमालकाच्या वरच्या मजल्यावर ठेवा. माळ्याचा भरवसा नको, २०२१ ला माळेही बुडाले. दहावी-बारावीचे गुणपत्रक डिजिलॉकरमध्ये (सरकारच्या ऑनलाइन कागदपत्र-पेटीत) थेट मंडळाकडून उतरवून घ्यावे, ते मूळ कागदासारखेच ग्राह्य असते. स्वतः फोटो काढून चढवलेल्या प्रतीला मात्र तो मान नाही.

वह्या भिजल्याच तर घाईने पाने सोडवू नका. ओले पान ओढले की फाटते. चिखल असेल तर वही घट्ट मिटून स्वच्छ पाण्यातून काढावी, पण जेल पेनाने लिहिलेली असेल तर मुळीच नाही. बॉलपेनची शाई तेलकट, ती टिकते. दहा-बारा पानांआड कोरा टिपकागद घालून पंख्याखाली ठेवावी, कागद दर दोन-तीन तासांनी बदलावा. आपल्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. वीज असलेल्या नातेवाइकांकडे फ्रीझरमध्ये पिशवीबंद ठेवली तर बुरशी थांबते, वाळवायला सवड मिळते.

महाविद्यालयांकडे मागणे दोनच. पडताळणी झाली की बाहेरगावच्या मुलांची मूळ कागदपत्रे सप्टेंबरअखेरपर्यंत, पोच देऊन, वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवण्याची सोय करावी. आणि सूचना फलकावर, वाशिष्ठी जिथून समुद्राला मिळते त्या दाभोळ खाडीच्या भरतीच्या वेळा रोज लिहाव्यात. वरून पाऊस आणि कोयनेच्या वीजगृहातून वाशिष्ठीत सोडलेले पाणी येत असताना खाली भरती असली की नदीला उतरायला वाट राहत नाही. २०२१ चा पूर गुरुपौर्णिमेच्या तोंडावर, उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांतच आला होता. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे मोठा पाऊस लागला, तर बॅगा आदल्या संध्याकाळीच वर गेल्या पाहिजेत.

– एक ग्रंथपाल, चिपळूण