कुक बेटांसाठी मुलांबरोबर केलेली प्रार्थना

हायल्ब्रॉन, जर्मनी
9 मार्च 2025

प्रिय आई आणि पप्पा यांस, ख्रिस्ताच्या नावाने सलाम.

मी सुखरूप आहे. ड्यूटी, जेवण आणि थंडी यांविषयी फोनवर बोलणे होतेच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. आई, तिकडची चर्चे रिकामी असतात म्हणे, मग तू उपासनेला तरी जातेस का, असे तू विचारलेस. जाते. शिवाय शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या बायबलच्या वर्गात, 12 मुलांना शिकवते. तुझी काळजी मिटावी म्हणूनच कालचा दिवस सविस्तर कळवत आहे.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारची जागतिक प्रार्थना दिनाची उपासना तू कधी चुकवली नाहीस. दरवर्षी एका देशाच्या स्त्रिया ही उपासना लिहितात आणि जगभर त्या देशासाठी प्रार्थना होते; यंदाची कुक बेटांवरच्या स्त्रियांनी 139व्या स्तोत्रावरून लिहिलेली होती, हे तुम्हा महिला मंडळाला ठाऊकच आहे. इथे मुलांची उपासना काल, शनिवारी, झाली आणि तिच्या तयारीसाठी मला तीन रविवार मिळाले. पॅसिफिकमधली ही 15 बेटे, आणि सगळ्यांची मिळून वस्ती 15 हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढीच.

पहिल्याच रविवारी एका मुलाने विचारले, "त्यांना खायला मिळते का?" मला ते फार लागले. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची ते लोक बिचारेच असणार, असे त्याने गृहीत धरले होते, आणि कोण जाणे, आपल्या नगरविषयीही कोणे एके काळी परदेशातल्या एखाद्या वर्गात हेच विचारले गेले असेल. म्हणून मी ठरवले की आधी त्या लोकांची नीट ओळख करून द्यायची आणि मगच हात जोडायचे. तिथे सुवार्ता गोऱ्यांनी नेली असे मुलांना वाटत होते. 1821 साली आयतुताकी बेटावर उतरून ती सांगणारा पापेइहा हा ताहितीकडच्या बेटांवरचाच माणूस होता, हे ऐकून ती चकित झाली. तिथे भेटल्यावर "किया ओराना" म्हणतात, म्हणजे तुला आयुष्य लाभो. आजीचे "औक्षवंत हो" मला तिथेच आठवले. तिथल्या बायका एकत्र बसून तिवाएवाए नावाची मोठी, फुलापानांची गोधडी शिवतात आणि ती विकण्यापेक्षा लग्नात, वाढदिवसाला, मयताच्या वेळी मायेने देतात. नारळाच्या दुधात शिजवलेली रुकाऊ नावाची भाजी तर चक्क अळूची! इथे अळू न मिळाल्याने आम्ही पालक वापरला. चव जमली नाही, पण मोरीच्या पाण्यावर वाढलेले आपले अळू मात्र डोळ्यांसमोर आले.

आता एक गोष्ट नीट समजावून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी मुलांना प्रार्थनाच शिकवत नाही. आपल्याकडे पाळकसाहेबांनी सांगितले की सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतात आणि लहान मुलेही आपल्या शब्दांत बोलतात. आमच्या वर्गात तसे होत नाही. मुले गोल बसतात, मध्ये निळे कापड, त्यावर नकाशा आणि वाळूने भरलेले ताट असते. एकेक मूल उठते, छोटी मेणबत्ती पेटवून वाळूत रोवते आणि काहीही न बोलता जागेवर येऊन बसते. कोणासाठी, काय मागितले, हे कोणी विचारायचे नाही, कारण ते त्या मुलाचे आणि देवाचे बोलणे असते. बाराही मुलांचे होईपर्यंत खोलीत आवाज नसतो. सुरुवातीला मला हे थंडपणाचे वाटले आणि न राहवून मी मोठ्याने "आमेन" म्हणाले, तेव्हा सगळी माझ्याकडे बघू लागली. काल मात्र "खायला मिळते का" विचारणारा तोच मुलगा मेणबत्ती रोवून कितीतरी वेळ तिथेच उभा राहिला, तेव्हा या शांततेतही प्रार्थना असते हे मला पटले. माझी रात्रीची प्रार्थना मराठीतच आणि मोठ्यानेच होते, आई, ती सुटलेली नाही.

बेटांवर आहेत त्याच्या कितीतरी पट अधिक कुक बेटवासी न्यूझीलंडमध्ये राहतात, 80 हजारांहून जास्त, हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, "मग ते घरी परत जातात का?" काही जातात, असे मी म्हणाले. पुढे मला बोलता आले नाही.

पप्पा, 5 तारखेला 40 हजार रुपये पाठवले आहेत. त्यातून आधी तुमच्या डोळ्यांचे ऑपरेशन करून घ्या, दादाच्या गाडीचा हप्ता मी पुढच्या महिन्यात पाहते. माझी कसलीही ओढाताण होत नाही, खरेच. जालन्याच्या स्थळाविषयी म्हणाल तर घराणे चांगले आहे हे मला मान्य आहे. मी टाळत नाही, पण मे महिन्यात माझी नोंदणीची परीक्षा आहे आणि त्याआधी होकार देऊन कोणाला ताटकळत ठेवणे योग्य वाटत नाही. ईस्टरला येणे जमणार नाही. आजीच्या वेळीही मी पोहोचू शकले नाही, ते माझ्या मनातून जात नाही. तिची हिरवी गोधडी कोणाला देऊ नका, ट्रंकेतच राहू द्या. नाताळला मी येईन तेव्हा घेऊन जाईन.

तुमची मुलगी