लायब्ररी देता तर झेडएल लावून द्या

संपादक साहेब, नमस्कार.

कळमन्याच्या मार्केटमधल्या अडत्यांसाठी मी वजन आणि हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर बनवतो. आंबिया बहाराची संत्री यायला लागली आणि एका अडत्याने नवीन इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, सोबत कंपनीने सी भाषेतली तयार लायब्ररी, म्हणजे आयता कोड, दिली, ती माझ्या प्रोग्रामला जोडली तर लिंकर, म्हणजे सगळे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारं टूल, ओरडायलाच लागला, एलएनके २००५, फंक्शन आधीच डिफाइन झालं आहे, आणि खाली एलएनके ४०९८ ची वॉर्निंग की लिबसीएमटी ही सी ची रनटाइम, म्हणजे सी प्रोग्रामला लागणारी पायाभूत लायब्ररी, बाकीच्या लायब्ररींशी जुळत नाही. गाड्या उभ्या, अडत्या फोनवर फोन करून राहिला, "भाऊ, झालं का?" आणि मी दोन रात्री माझाच कोड उलटापालटा करत बसलो.

शेवटी फाईलच्या आतलं दाखवणाऱ्या डम्पबिन या टूलला डिरेक्टिव्ह्जचा ऑप्शन देऊन त्यांच्या ऑब्जेक्ट फाईली, म्हणजे कम्पाइल झालेले तुकडे, पाहिल्या, तर प्रत्येकीत डिफॉल्टलिब लिबसीएमटी लिहिलेलं. कोणती रनटाइम जोडायची ते मायक्रोसॉफ्टचा कम्पायलर ऑब्जेक्ट फाईलच्या पोटातच लिहून ठेवतो. हा कम्पायलर, म्हणजे सीएल, नुसता कमांड लाइनवरून चालवला तर तो एमटी, म्हणजे रनटाइम प्रोग्राममध्येच भरायचा ऑप्शन, धरतो आणि लिबसीएमटी लिहितो, व्हिज्युअल स्टुडिओच्या नवीन प्रोजेक्टमध्ये मात्र एमडी, म्हणजे रनटाइम बाहेरच्या डीएलएल फाईलमधून घ्यायचा ऑप्शन, असतं, तिथे एमएसव्हीसीआरटी. माझं एमडी, त्यांचं एमटी, दोन रनटाइम एकत्र आल्या म्हणून तेच फंक्शन दोनदा, एवढंच भांडण होतं.

त्यांनी कम्पाइल करताना स्लॅश झेडएल हा ऑप्शन दिला असता तर ते नाव फाईलमध्ये गेलंच नसतं. रनटाइम कोणती घ्यायची ते मुख्य प्रोग्रामवाल्याने ठरवायचं, काट्यावाल्याने नाही. मी सध्या लिंकरला नोडिफॉल्टलिब लिबसीएमटी, म्हणजे लिबसीएमटी घेऊ नको, असं सांगून काम भागवलं, पण हे ती लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या बिल्डमध्ये करावं लागणार, झेडएल एकाने एकदाच लावला की झालं. कंपनीला सांगितलं तर म्हणे आमच्याकडे चालतं. त्यांचा डेमोही एमटीवरच बनलेला, चालणारच.

माझ्याकडे येणारी पोरं हुशार आहेत, पण ती कॉलेजात लिनक्सवर जीसीसी हा कम्पायलर शिकली, तिथे ऑब्जेक्ट फाईलमध्ये असं नाव नसतं, लिंक करताना जीसीसी स्वतःच लिबसी, म्हणजे तिथली सी ची रनटाइम, जोडून देतो, मग हा घोळ त्यांना दिसणार कुठून? नागपुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना मनापासून विनंती आहे, लॅबचा एक तास याला द्या, एकच फाईल झेडएल लावून आणि न लावता कम्पाइल करा आणि दोन्ही डम्पबिनमध्ये उघडून पोरांना दाखवा. आणि काटे, प्रिंटर, स्कॅनर विकणाऱ्या भावांनो, लायब्ररी पाठवायच्या आधी तुम्हीही ती तशीच उघडून पाहा.

एक प्रोग्रामर, महाल, नागपूर