जीटीओ सुरू झाली, सगळ्यांना थँक्यू!

माझी जुनी अमेरिकन गाडी, १९६९ ची पाँटियाक जीटीओ, तिचं ४०० क्युबिक इंचाचं व्ही८ (आठ सिलिंडरचं) इंजिन एकदाचं धडधडलं! मिशिगनच्या स्वॅप मीटमधले (जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार) ते टोपीवाले आजोबा, नाव विचारायचं राहूनच गेलं, त्यांनी मोबाइलमधला इंजिनचा फोटो बघूनच सांगितलं की अरे पाँटियाकचा डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग) घड्याळाच्या उलटा फिरतो, आधीच्या मालकाने वायरी शेव्हरोले गाडीसारख्या, म्हणजे घड्याळाच्या दिशेने लावल्यात, आणि १-८-४-३-६-५-७-२ हा सिलिंडर पेटण्याचा क्रम बिलामागे लिहून दिला. क्वाड्राजेट कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खालच्या प्लगमधून पेट्रोल गाळत होता, तिथे इपॉक्सी लावा म्हणणाऱ्या ताई, तुमचेही मनापासून आभार. आणि सडलेला फ्लोअर पॅन (गाडीच्या तळाचा पत्रा) वेल्ड करून नुसत्या कॉफीवर भागवणारा तो पोरगा, कमाल आहे राव! रंग बाकी आहे, पण ऑगस्टात डेट्रॉइटच्या वूडवर्ड रस्त्यावर, जुन्या गाड्यांच्या फेरीला, प्रायमरमध्येच (रंगाआधीच्या अस्तरावरच) आणतोय, दिसलो तर हाक मारा, एक राउंड पक्की.