मिलानची लेक, फ्रान्सची सून

महोदय,
मध्ययुगीन युरोपवर लिहिताना राजांची जंत्री हमखास येते, व्हॅलेंतिना व्हिस्कोंती मात्र राहून जाते. मिलानच्या सत्ताधीशाची ही लेक १३८९मध्ये ऑर्लेआंच्या लुईच्या, म्हणजे फ्रान्सच्या राजाच्या धाकट्या भावाच्या घरी नांदायला आली. हुंड्यात आस्ती शहर! (हुंडा तिथेही होताच.) वेडाच्या झटक्यात राणीलाही न ओळखणारा राजा सहावा शार्ल या भावजयीला ओळखे, म्हणून तीच चेटकीण ठरली. १३९६मध्ये तिला पॅरिस सोडावं लागलं. १४०७मध्ये नवऱ्याचा खून झाला. न्याय मागत पुढच्याच वर्षी तीही गेली. नवऱ्याचा अनौरस मुलगा द्युन्वा तिनेच सांभाळला. तो पुढे जोन ऑफ आर्कसोबत लढला. १४९९मध्ये तिचा नातू, फ्रान्सचा राजा बारावा लुई, आजीच्याच हक्काने मिलानवर चालून गेला.

– एक वाचक, नाशिक