छेद विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

तोंडी परीक्षेनंतर दारातच मी तुम्हाला 'थँक्यू' म्हणाले. तेवढ्यावर भागणार नाही, हे तेव्हाच कळत होतं. म्हणून हे पत्र. सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय, कारण तुम्ही माझी जी चूक दाखवलीत, ती करणारी मी एकटी नाही.

जगभरातले आदिवासी आणि साथीचे रोग हा माझ्या प्रबंधाचा विषय. पहिल्या मसुद्यात मी बिनदिक्कत लिहिलं होतं, 'आदिवासींची रोगप्रतिकारशक्ती मुळातच कमी असल्याने साथीत त्यांचे मृत्यू जास्त होतात.' त्या ओळीशेजारी तुम्ही पेन्सिलीने एकच शब्द लिहिलात, 'सामोआ?'

मी शोधायला बसले. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून आलेलं 'टालून' नावाचं जहाज पॅसिफिक महासागरातल्या पश्चिम सामोआ बेटांवरच्या अपिया बंदराला लागलं. जहाजावर इन्फ्लुएंझाचे रुग्ण होते, तरी तिथल्या न्यूझीलंडच्या प्रशासनाने उतारूंना वेगळं ठेवलं नाही. या साथीत तिथली साधारण साडेआठ हजार माणसं गेली. म्हणजे दर पाचांतल्या एकाहून जास्त. शेजारच्याच अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पोयर यांनी विलगीकरण कडक ठेवलं. तिथे या साथीने एकही माणूस दगावला नाही. लोक तेच, भाषा तीच, नातीगोती दोन्हीकडे पसरलेली. मग फरक रक्तात कसा असेल? ती ओळ मीच खोडली. तुम्ही 'हे चूक आहे' असं एकदाही म्हणाला नव्हतात.

त्यानंतर प्रत्येक आकड्यावर तुमचा एकच प्रश्न असायचा, 'अंश झाला, छेद कुठाय?' म्हणजे, हे किती माणसांपैकी? खरं सांगते, सुरुवातीला त्याचा कंटाळा यायचा. मग एके दुपारी तुम्ही मला वयोगट पाडून हाताने गणित करायला लावलंत. कोविडमध्ये वयस्कर माणसं जास्त दगावतात. ज्या समाजात म्हातारपणापर्यंत पोहोचणारेच थोडे, तिथला एकूण मृत्युदर कमी दिसणारच. वयोगट सारखे धरून पाहिलं की मग खरी तफावत बाहेर येते. आधीच्या पिढ्यांचं लवकर मरणं पुढच्या पिढीचं मरणं झाकून टाकतं, हे मला त्या दुपारी कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

न्यूझीलंडमध्ये २०२१ साली हेच लसीकरणात घडलं. लस ज्येष्ठांना आधी मिळाली. वरवर नियम सगळ्यांना सारखा. पण माओरी, म्हणजे तिथला आदिवासी समाज, वयाने तरुण, त्यामुळे त्यांचा मोठा हिस्सा रांगेत मागे राहिला. माओरींसाठी वयाची अट खाली आणा, हा सल्ला मंत्रिमंडळाने मानला नाही. डिसेंबरमध्ये वायतांगी न्यायाधिकरणाने सांगितलं की सरकारने माओरींशी झालेल्या वायतांगी कराराचा भंग केला आहे. १९१८ च्या साथीतही माओरींचा मृत्युदर गोऱ्यांच्या सुमारे आठपट होता. हे ठाऊक असूनही तसा निर्णय झाला, याचा मला अजून राग येतो.

तुम्ही म्हणायचात, 'आधी नळाचं बघ, मग विषाणूचं.' अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींच्या प्रदेशात, म्हणजे नवाहो नेशनमध्ये, जवळपास तीस टक्के घरांत नळाचं पाणी नव्हतं. तिथे 'वारंवार हात धुवा' हा सल्ला पाळणार कसा? आणि कॅनडातल्या मॅनिटोबाचं ते २००९ चं प्रकरण! स्वाइन फ्लूच्या दुसऱ्या लाटेआधी तिथल्या काही आदिवासी वस्त्यांना सरकारकडून जे सामान आलं, त्यात मृतदेह ठेवायच्या पिशव्या निघाल्या. हे वाचून मी तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही बराच वेळ काहीच बोलला नव्हतात.

पण सगळ्यात मोठं ऋण त्या शेवटच्या रकान्याचं. ब्राझीलच्या आदिवासी आरोग्य विभागाच्या मोजणीत शहरांत राहणारे आदिवासी धरलेच जात नव्हते. तिथल्या आदिवासी संघटनांनी स्वतः आपली माणसं मोजायला घेतली, आणि त्यांचा आकडा सरकारी आकड्याहून मोठा निघाला. हे मी तळटीपेत टाकलं होतं. तुम्ही ते तिथून उचलून मुख्य तक्त्यात नेलंत आणि नवा रकाना आखायला लावलात, 'कोण मोजलं गेलं नाही?'

बहुतेक ओळींत तो रकाना मला भरता आला नाही. छापताना तो काढून टाकू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, 'काढू नकोस, दिसू दे.' परवा बांधणी होऊन प्रबंध हातात आला. तो रकाना तसाच मोकळा ठेवलाय. पहिली प्रत तुमच्या टेबलावर ठेवली आहे, त्याच पानात खूण घालून.

तुमची विद्यार्थिनी