'हॅमिल्टन'चे अकरा टोनी: किती हक्काचे?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेचे राजकारणी अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या आयुष्यावरच्या 'हॅमिल्टन' या ब्रॉडवेच्या म्युझिकलचे, म्हणजे गाण्यांतून घडणाऱ्या नाटकाचे, चित्रीकरण जुलै २०२० मध्ये घरोघरच्या पडद्यावर आले, तेव्हापासून नाट्यरसिकांत एक वाद अधूनमधून डोके वर काढतो. २०१६ साली या म्युझिकलने अकरा टोनी (ब्रॉडवे रंगभूमीचे वार्षिक पुरस्कार) नेले, ते गुणांवर की लाटेवर? माझे मत असे की अकरांपैकी दहा निर्विवाद त्याच्या हक्काचे होते आणि एक दुसऱ्याचा होता. शिवाय ज्या ध्वनियोजनेशिवाय हा प्रयोग उभाच राहिला नसता, तिच्यासाठी त्या वर्षी टोनीमध्ये विभागच नव्हता.

आधी हिशेब. बातम्यांत 'सोळा नामांकने, अकरा पुरस्कार' असे छापून येते आणि वाचणाऱ्याला वाटते की पाच ठिकाणी हार झाली. प्रत्यक्षात ती सोळा नामांकने तेराच विभागांत होती. प्रमुख अभिनेत्याच्या विभागात लेस्ली ओडम ज्युनियर आणि लिन-मॅन्युएल मिरांडा असे घरचेच दोघे, तर सहायक अभिनेत्याच्या विभागात डेव्हीड डिग्ज, जोनाथन ग्रॉफ आणि ख्रिस्तोफर जॅक्सन असे तिघे. म्हणजे निदान तीन नामांकने रिकाम्या हाती परतणार हे आधीच ठरलेले. खरी हार दोनच ठिकाणी झाली. प्रमुख अभिनेत्रीचा पुरस्कार 'द कलर पर्पल'साठी सिंथिया एरिव्होला मिळाला आणि नेपथ्याचा 'शी लव्हज मी'साठी डेव्हिड रॉकवेल यांना. दोन्ही निर्णय योग्यच होते.

बारा पुरस्कारांचा विक्रम २००१ च्या 'द प्रोड्यूसर्स'चा आहे. त्याची नामांकने पंधरा, पण विभाग बाराच. जी तीन हुकली ती घरच्याच नटांकडून. मॅथ्यू ब्रॉडरिक हरला तो सहकलाकार नेथन लेनकडून. म्हणजे ज्या विभागात उतरले तो प्रत्येक विभाग त्यांनी जिंकला. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. २००४ पर्यंत नेपथ्य, वेशभूषा आणि प्रकाशयोजना या विभागांत गद्य नाटके आणि म्युझिकल्स एकत्रच स्पर्धेत असत. 'द प्रोड्यूसर्स'ने हे तिन्ही पुरस्कार गद्य नाटकांनाही मागे टाकून घेतले, तर 'हॅमिल्टन'ची गाठ फक्त म्युझिकल्सशी होती. तेव्हा बारा मोठे की अकरा, ही तुलनाच फोल आहे. शिवाय पुरस्कारांच्या आकड्यावरून नाटकाचे मोल ठरत नाही: १९७६ मध्ये 'शिकागो'ला अकरा नामांकने होती आणि पुरस्कार एकही नाही; त्या वर्षी 'अ कोरस लाइन'ने नऊ नेले. त्याच 'शिकागो'च्या १९९६ च्या पुनरुज्जीवित प्रयोगाला सहा टोनी मिळाले आणि तो पुढे दशकानुदशके चालत राहिला.

आता गुणांकडे. मतदारांनी डोळे मिटून एकाच नावावर शिक्के मारले असते, तर प्रमुख अभिनेत्याचा पुरस्कार मिरांडालाच गेला असता. संहिता त्याची, गीत-संगीत त्याचे, शीर्षकभूमिका त्याची. तरीही तो आरन बरची भूमिका करणाऱ्या ओडमला मिळाला. बर हा हॅमिल्टनचा मारेकरी आणि तोच निवेदक. 'मीच त्याला गोळी घातली' हे तो पहिल्याच गाण्यात सांगून टाकतो आणि पुढचे अडीच तास प्रेक्षकाला आपल्या बाजूने धरून ठेवतो. त्या भूमिकेचे वजन मतदारांनी ओळखले. सहायक अभिनेत्याच्या विभागातही डिग्जची निवड चोख होती: पहिल्या अंकात फ्रेंच सेनानी लाफायेत, दुसऱ्यात अमेरिकी नेता जेफरसन, आणि दोघांची देहबोली व उच्चार संपूर्ण वेगळे. ग्रॉफचा इंग्लंडचा राजा जॉर्ज टाळ्या घेतो खरा, पण तो रंगमंचावर असतो जेमतेम दहाएक मिनिटे.

संहिता आणि गीत-संगीत हे दोन्ही पुरस्कार एकालाच का, असा आक्षेप असतो. नाटक जवळजवळ सगळे गाण्यातच घडत असेल, तर त्याच ओळींना दोनदा बक्षीस मिळते असे वाटणे स्वाभाविक आहे. पण संहिता म्हणजे केवळ संवाद नव्हेत. रॉन चेर्नो यांनी लिहिलेल्या हॅमिल्टनच्या भल्यामोठ्या चरित्रातून काय उचलायचे, काय सोडायचे, मंत्रिमंडळातली वादावादी रॅपच्या जुगलबंदीत घालायची, हे सारे संहितेचे काम. आपल्या संगीत नाटकाप्रमाणे इथे पद रंगवायला आणि 'वन्स मोअर' घ्यायला जागा नाही. प्रत्येक ओळीबरोबर गोष्ट पुढे सरकते.

ऑर्केस्ट्रेशनचा, म्हणजे कोणते वाद्य काय वाजवेल ते ठरवण्याचा, पुरस्कार अ‍ॅलेक्स लाकामोर यांना मिळाला. पिटमध्ये (वादकांच्या जागेत) वादक फक्त दहा: दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो, दोन कीबोर्ड, गिटार, बास, ड्रम्स आणि तालवाद्ये. तंतुवाद्यांची चौकडी अठराव्या शतकाची आठवण देते, आणि तिच्याखाली संगणकावरून सुटणारे हिपहॉपचे ठोके चालतात. अशा ठोक्यांबरोबर वाजवताना वादकांना कानात क्लिक, म्हणजे लय मोजून देणारी टिकटिक, ऐकत राहावे लागते. नटाने एक मात्रा गाळली तरी ठोका थांबत नाही. सांभाळून घ्यायचे ते माणसांनीच.

वेशभूषेत पॉल टॅझवेल यांनी एकच नियम पाळला: मानेखाली अठरावे शतक, मानेवर आजचा माणूस. समूहातल्या नर्तकांना जुन्या कागदाच्या रंगाचे कपडे. त्यावर निळा कोट चढला की सैनिक. हॅमिल्टनची पत्नी एलायझाला हिरवट निळा, तिच्या बहिणींपैकी अँजेलिकाला गुलाबी, पेगीला पिवळा, त्यामुळे गर्दीतही कोण कुठे आहे ते शेवटच्या रांगेतून कळते. नेपथ्य मात्र जवळजवळ बदलत नाही. तेच लाकूड, त्याच विटा, दोरखंड, आणि मध्ये एकात एक बसवलेली दोन फिरती वर्तुळे. त्यामुळे जागा आणि वेळ बदलण्याचा बहुतेक भार हॉवेल बिंकली यांच्या प्रकाशावर येतो, आणि तो प्रकाश हा भार शेवटपर्यंत पेलतो.

पहिल्या अंकातला हॅमिल्टन आणि एलायझाच्या लग्नाचा प्रसंग पाहा. अँजेलिका बहिणीसाठी शुभेच्छांचा प्याला उंचावते आणि काळ उलटा फिरतो. फिरता रंगमंच उलट दिशेने सरकतो, नर्तक आधीच्या हालचाली उलट क्रमाने करत मागे जातात आणि सगळे मेजवानीच्या संध्याकाळी पोहोचतात. जो प्रसंग मघाशी एलायझाच्या बाजूने पाहिला, तोच आता अँजेलिकाच्या बाजूने, आणि तिने काय गिळून टाकले ते तेव्हा कळते. अँजेलिका झालेल्या रेने एलीस गोल्ड्सबेरीचा पुरस्कार या एका प्रसंगावरही देता आला असता. थॉमस केल यांच्या दिग्दर्शनाचाही हाच पुरावा.

तरीही नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार अँडी ब्लँकेनब्यूलर यांना द्यायला नको होता. तो 'शफल अलाँग'साठी सेव्हियन ग्लोव्हर यांचा होता. 'हॅमिल्टन'मध्ये समूह सतत हलतो, पण बरेचदा ती हालचाल शब्दांना अधोरेखित करते. नृत्य काढले तरी गोष्ट कळते. 'शफल अलाँग'मध्ये १९२१ च्या कृष्णवर्णीय कलावंतांचा इतिहास टॅप नृत्यातल्या बुटांच्या आघातांतून उभा राहत होता. तिथे बूट हे वाद्य आणि नृत्य हा मजकूर. दहा नामांकने असूनही त्या प्रयोगाला काहीच मिळाले नाही. त्याच्या निर्मात्यांना तो 'पुनरुज्जीवित' गटात हवा होता. समितीने तो नवे म्युझिकल ठरवला आणि सर्वोत्कृष्ट म्युझिकलच्या लढतीत तो थेट 'हॅमिल्टन'समोर आला. जुलै २०१६ मध्ये प्रयोग बंदही पडले. लाटेचा आरोप जिथे खरा ठरतो ती जागा ही.

आणि आता ध्वनी. 'हॅमिल्टन'मध्ये वीस हजारांहून अधिक शब्द आहेत. ते सुमारे तेराशे आसनांच्या रिचर्ड रॉजर्स थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले नाहीत तर संहिता, गीते, अभिनय सगळे वाया. नटाचा माइक केसांच्या रेषेत लपवलेला असतो. दोन नट दोन फुटांवर समोरासमोर असतील, तर एकाचा आवाज स्वतःच्या माइकमध्ये लगेच आणि समोरच्याच्या माइकमध्ये जवळपास दोन मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही माइक उघडे राहिले की हे दोन आवाज एकमेकांना खातात आणि व्यंजने पोकळ होतात. म्हणून ध्वनिमिश्रकाला ओळीगणिक, कधी शब्दागणिक, एकच माइक उघडावा लागतो. घाम माइकच्या तोंडाशी साचला की आधी वरच्या पट्टीचे ध्वनी जातात, म्हणजे नेमके स, श आणि च. रंगमंचापासून वीस मीटरवर आवाज सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा येतो. मागच्या स्पीकरना तितकाच विलंब दिला नाही, तर सेकंदाला सात-आठ अक्षरे सुटत असताना जवळजवळ निम्मे अक्षर दोनदा ऐकू येते. मराठी रसिकांनी पाहिलेल्या चित्रीकरणात आवाज नंतर जुळवून दिलेला आहे, त्यामुळे रोजच्या प्रयोगातली ही कसरत तिथे दिसत नाही.

हे काम नेव्हिन स्टाइनबर्ग यांचे. टोनीमध्ये ध्वनियोजनेचा पुरस्कार २००८ पासून होता; २०१४ मध्ये तो रद्द झाला आणि २०१८ च्या सोहळ्यातच परत आला. मधली तीन वर्षे कोरडी गेली आणि 'हॅमिल्टन' नेमका त्यांत सापडला. पुरस्कार परत आणताना जाणकार मतदारांचा छोटा गट निवडून त्याच्याकडे मतदान दिले गेले, हे चांगले झाले. सुमारे आठशे मतदारांपैकी प्रत्येकाला फेडर (माइकचा आवाज कमीजास्त करणारी कळ) आणि विलंबाचे तंत्र कळावे अशी अपेक्षाच चूक होती.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. पुढच्या टोनीची बातमी छापताना नामांकनांच्या आकड्याशेजारी विभागांची संख्याही द्यावी, आणि प्रत्येक विभागात विजेत्यासमोर कोण होते तेही. जागा कमी पडली तर लाल गालिच्यावरचा फोटो लहान करावा.

आपला,
एक वाचक