अपडेट बंद ठेवून चालणारे धडे आम्हांला नकोत

दि. १५ फेब्रुवारी २०२१

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : डिजिटल वर्ग संच चालू करण्यासाठी शाळेच्या संगणकाचे अपडेट बंद केल्याबाबत तक्रार, व सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती विनामूल्य मिळणेबाबत.

महोदय,

मी सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका आहे. पहिली ते सातवी, पट ८४, शिक्षक चार. ऑगस्ट २०१८ मध्ये आम्ही आपल्याकडून डिजिटल वर्ग संच घेतला. प्रोजेक्टर, स्पीकर आणि सातवीपर्यंतच्या धड्यांचे सॉफ्टवेअर मिळून ६२,००० रुपये मोजले. यातला एक रुपयाही अनुदानाचा नव्हता, सगळी लोकवर्गणी होती. आमच्याकडची कितीतरी घरे दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. २०१८ साली पावसानेही दडी मारली होती. तरी वर्गणीच्या वहीत पन्नास रुपयांच्या, शंभर रुपयांच्या नोंदींनी पाने भरली. ती वही माझ्या कपाटात आहे आणि तिचा हिशोब गावाला मलाच द्यायचा आहे.

२७ जानेवारीला, दहा महिन्यांनी, पाचवी ते सातवीची मुले पुन्हा वर्गात आली. मास्क लावून, एका बाकावर एक. पाचवीला अपूर्णांक घ्यायचे ठरवले होते, कारण आपल्या संचातला भाकरीचा धडा मुलांचा सर्वांत आवडता. ताटात अख्खी भाकरी असते, माउसने ओढली की चतकोर वेगळी होते आणि खाली एक छेद चार लिहून येते. दोन चतकोर जोडले की अर्धी भाकरी. जी मुलगी वहीवर अपूर्णांक पाहून रडकुंडीला येते, ती या धड्यात सगळ्यांच्या आधी हात वर करते. त्या दिवशी तिलाच पुढे बोलावले. भाकरीच्या जागी राखाडी चौकोन आला. मधे कोड्याच्या तुकड्यासारखे छोटे चित्र आणि खाली इंग्रजी ओळ : अडोबी फ्लॅश प्लेयर इज नो लाँगर सपोर्टेड, म्हणजे फ्लॅश आता इथे चालणार नाही. तिने दोन-तीनदा क्लिक करून पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, माझ्यामुळं बिघडलं का?"

दुसऱ्या दिवशी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. आपल्या तंत्रज्ञाने आमचा संगणक रिमोटने हाती घेतला. चाळीस मिनिटे मी शेजारी बसून पडद्यावर हलणारा बाण बघत होते. त्याने आधी आमचा ब्राउझर काढून एक जुना ब्राउझर बसवला. मग एका ड्राइव्हच्या लिंकवरून, आपले धडे ज्यावर चालतात त्या फ्लॅशची जुनी आवृत्ती उतरवली. ती बसवताना अँटिव्हायरसने लाल सूचना दिली, तेव्हा अँटिव्हायरसच बंद केला. शेवटी विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन अपडेट डिसेबल केले. "मॅडम, अपडेटमुळेच सगळा घोळ झालाय. आता अपडेट होणारच नाही, कायमचं चालेल," असे तो म्हणाला. भाकरी पुन्हा पडद्यावर आली. मी त्याचे आभार मानले.

चार दिवसांनी आमच्या केंद्रातील तंत्रस्नेही शिक्षक यू-डायसच्या, म्हणजे शाळेची माहिती सरकारला भरून देण्याच्या कामासाठी आले होते. पडद्याच्या कोपऱ्यातले लाल फुली असलेले ढालीचे चिन्ह बघून त्यांनी हे कोणी केले म्हणून विचारले. मी सांगितले, तर ते पाच मिनिटे काहीच बोलले नाहीत. नुसते एकेक खिडकी उघडून बघत राहिले. मग त्यांनी पहिल्यांदा नेटची वायर काढली.

त्यांनी समजावले ते, आणि त्यानंतर मी स्वतः वाचून खात्री केली ते इथे लिहिते, कारण आपल्या कार्यालयात हे कोणीतरी गांभीर्याने वाचावे अशी माझी इच्छा आहे. फ्लॅश हा ब्राउझरला बाहेरून जोडलेला तुकडा, म्हणजे प्लग-इन. वेबपान जी फाइल पुढे करील ती तो आपल्या संगणकावर चालवतो. आपल्या धड्याची फाइल जशी चालवतो, तशी दुसऱ्या कुणी मुद्दाम बिघडवून ठेवलेली फाइलही चालवतो. प्लग-इनच्या आत मेमरी हाताळण्यात चूक राहिली असेल, तर अशी फाइल त्या चुकीतून आत शिरते आणि संगणकावर स्वतःचा प्रोग्राम सुरू करते. वापरणाऱ्याने काही उतरवून घ्यावे लागत नाही, पान उघडले तरी पुरते. अशा दोषांना क्रिटिकल, म्हणजे सर्वांत गंभीर, म्हणतात आणि फ्लॅशमध्ये ते वर्षानुवर्षे सापडत आले. जुलै २०१५ मध्ये इटलीतल्या हॅकिंग टीम या कंपनीची चोरलेली कागदपत्रे नेटवर आली, त्यांत फ्लॅशचे तोवर कुणाला ठाऊक नसलेले दोष निघाले. गुन्हेगारांनी ते लगेच वापरायला घेतले. फायरफॉक्स या ब्राउझरला काही काळ फ्लॅश थेट अडवून ठेवावा लागला. फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या लोकांवर अशाच एका दोषातून हल्ले झाले आणि फ्लॅश बनवणाऱ्या अडोबी कंपनीने घाईने दुरुस्ती काढली. प्रत्येक वेळी वाचवले ते अपडेटने. ज्याने अपडेट घेतले त्याचे दार बंद झाले, ज्याने टाळले त्याचे उघडे राहिले.

आणि आता तर दुरुस्तीच येणार नाही. अडोबीने फ्लॅशचे शेवटचे अपडेट ८ डिसेंबर २०२० ला दिले, ३१ डिसेंबरला फ्लॅशचा सपोर्ट बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमधला मजकूर अडवायला सुरुवात केली. फ्लॅश संगणकावरून काढून टाका, असे अडोबी स्वतःच सांगते. क्रोमने जानेवारीच्या १९ तारखेच्या आवृत्तीतून आणि फायरफॉक्सने २६ तारखेच्या आवृत्तीतून फ्लॅश पूर्ण काढला. म्हणजे ज्यांनी ही वस्तू बनवली ते काढा म्हणतात, आणि ज्यांनी ती आम्हांला विकली ते कुठल्या तरी लिंकवरून परत बसवतात. त्या फाइलमध्ये फक्त फ्लॅशच होता याची खात्री आपल्यापैकी कोणी केली होती का? फ्लॅशच्या नावाखाली व्हायरस बसवण्याची चाल जुनी आहे. २०११ साली मॅक संगणकांवर पसरलेला फ्लॅशबॅक हा व्हायरस सुरुवातीला फ्लॅशचा इन्स्टॉलर म्हणूनच आत शिरत होता.

आमच्या शाळेत वर्गासाठी एक आणि कार्यालयासाठी दुसरा असे दोन संगणक नाहीत. आहे तो एकच. त्यावरच सरल या सरकारी विद्यार्थी-नोंद प्रणालीची माहिती भरली जाते. ८४ मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी आयांची बँक खाती त्यावर आहेत. शालार्थची पगारबिले त्यावरूनच जातात. त्या चार दिवसांत अँटिव्हायरस नसलेल्या, अपडेट बंद असलेल्या त्याच संगणकावर मी सरलचा पासवर्ड टाकला आहे. ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. ज्या आईने खात्याच्या पासबुकाची झेरॉक्स माझ्या हातात विश्वासाने दिली, तिला मी काय सांगू?

आपल्या तंत्रज्ञावर माझा राग नाही. तो मुलगा नम्रपणे बोलला, जेवणाची सुट्टी मोडून काम केले. त्याला जसे करायला सांगितले होते तसे त्याने केले, हे त्याच्या बोलण्यावरून कळत होते, कारण दिवसभरात अशीच नऊ शाळांची कामे केल्याचे त्याने सांगितले. म्हणून कृपया या पत्राचा ठपका त्याच्यावर ठेवू नये. माझी तक्रार ज्यांनी ही पद्धत ठरवली त्यांच्याविरुद्ध आहे.

आता मुख्य मुद्दा. फ्लॅश २०२० अखेर बंद होणार, ही घोषणा अडोबीने २५ जुलै २०१७ रोजी केली होती. गुगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल, मोझिला, फेसबुक या सर्वांनी त्याच दिवशी आपापले वेळापत्रक सांगितले. शाळेच्या मुख्याध्यापिकेला हे ठाऊक नसणे समजू शकते. पण फ्लॅशवर धडे बनवून विकणाऱ्या कंपनीला ते ठाऊक नव्हते, हे मला मान्य होणार नाही. त्यानंतर तेरा महिन्यांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, आपण आम्हांला तोच संच विकला. प्रात्यक्षिकाला आलेल्या आपल्या प्रतिनिधीने ग्रामसभेत उभे राहून "गावाची एकदाची गुंतवणूक" असे शब्द वापरले होते, आणि ज्या माणसांनी वर्गणी दिली ती समोर बसलेली होती. बिलावर छापील अक्षरात आहे : पाच वर्षे विनामूल्य अपडेट. ही मुदत ऑगस्ट २०२३ पर्यंत आहे. मात्र ८ फेब्रुवारीला मी फोन केला तेव्हा एचटीएमएल-५ वर, म्हणजे फ्लॅशशिवाय ब्राउझरमध्येच चालणाऱ्या नवीन आवृत्तीसाठी १८,००० रुपये भरावे लागतील, कारण ते "अपडेट नसून नवीन प्रॉडक्ट आहे," असे उत्तर मिळाले. धडे तेच आहेत. ताट तेच, भाकरी तीच. ज्या पायावर ते उभे होते तो खचणार हे आधीच जाहीर झालेले असताना, पाया बदलून देणे हे अपडेट नाही तर मग अपडेट म्हणजे काय?

आमच्या तंत्रस्नेही सरांनी आपल्या परीने प्रयत्न केला. रफल नावाचे एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर फ्लॅशच्या फाइली फ्लॅशशिवाय चालवते, ते त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर लावून पाहिले. दुसरीची गोष्ट चालली, भाकरीचा धडा उघडला नाही. त्यांनी विंडोज नव्याने टाकून आमचा संगणक साफ करून दिला, सगळी अपडेट घेतली, मी सर्व पासवर्ड बदलले. या कामात त्यांचा एक रविवार गेला. संच मात्र तेव्हापासून बंद आहे आणि प्रोजेक्टरवर कापड टाकून ठेवले आहे.

तरी आपणांस विनंती आहे की पहिली ते सातवीचे सर्व धडे फ्लॅशशिवाय, आजच्या अद्ययावत ब्राउझरवर चालतील अशा आवृत्तीत बिलावरील शर्तीप्रमाणे विनामूल्य द्यावेत. हे शक्य नसेल तर सॉफ्टवेअरची किंमत परत करावी. प्रोजेक्टर आणि स्पीकर चांगले आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. २८ जानेवारीला आमच्या संगणकावर नेमकी कोणती फाइल, कुठून घेऊन बसवली, हेही लेखी कळवावे. आणि ज्या ज्या शाळांत आपण अशी जुनी आवृत्ती बसवून अपडेट बंद केले आहे, त्या प्रत्येक शाळेला आपण स्वतः फोन करून ती काढून द्यावी, अपडेट पुन्हा सुरू करून द्यावे. माझ्या मागणीत हे पहिले धरा. आमचे धडे महिनाभर उशिरा आले तरी मी खडूने फळ्यावर भाकरी काढून शिकवीन. पण त्या नऊ शाळांतल्या मुख्याध्यापकांना आपल्या संगणकाचे दार उघडे आहे हे अजून माहीतही नसेल, आणि ते आज, उद्या, परवा त्याच संगणकावर मुलांची माहिती भरत असतील.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सांगली येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याचा ठराव आमच्या शाळा व्यवस्थापन समितीने १२ फेब्रुवारीच्या सभेत केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, त्यामुळे गावाला पुन्हा वर्गणी काढावी लागणार नाही. बिलाची प्रत, पडद्यावर आलेल्या संदेशाचा फोटो आणि ठरावाची प्रत या पत्राला जोडली आहे.

आपल्या माणसाला यायचे असेल तर शाळा सकाळी दहा ते पाच उघडी असते. येताना नवीन आवृत्ती घेऊन यावे. आमच्या संगणकावर आता कुठलेही अपडेट बंद करू दिले जाणार नाही.

आपली विश्वासू,
मुख्याध्यापिका
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. जत, जि. सांगली